उलट्या पावलांचा माणूस

प्रिय सुहास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पीटर थील, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवायची पेपाल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक आणि आता मोठा गुंतवणूकदार, त्याच्याबद्दल इतकं भरभरून लिहिलंयस की पहिल्यांदा वाटलं, हा उद्या राजीनामा देणार! शेवटी तू सार काढलंयस : ‘लोक ज्या कंपनीला हसतात तिचेच शेअर घ्यायचे.’ त्यावर भांडायला बसलोय.

अरे, सगळ्यांच्या उलट चालणाराही सगळ्यांकडेच बघत चालतो. फक्त पावलं उलटी.

2004 साली थीलने फेसबुकला 5 लाख डॉलर देऊन सुमारे 10 टक्के हिस्सा घेतला. बाहेरून हे धाडस दिसतं. पण गाठ घालून दिली ती रीड हॉफमनने, म्हणजे पेपालमधल्या त्याच्या जुन्या सहकाऱ्याने. स्पेसएक्स या इलॉन मस्कच्या रॉकेट कंपनीचंही तसंच. पहिली तीन उड्डाणं फसल्यावर, 2008 मध्ये, थीलच्या फंडाने तिथे 2 कोटी डॉलर घातले. आणि गंमत बघ, 2000 साली पेपालच्या प्रमुखपदावरून मस्कला दूर करून ती खुर्ची मिळाली होती थीललाच! म्हणजे तो माणूस कसा आहे, कुठे अडतो, कुठे हटत नाही, हे त्याने जवळून पाहिलेलं होतं. जग हसत होतं म्हणून त्याने पैसे लावले, असं मला वाटत नाही. जगाला जे ठाऊक नव्हतं त्यातलं थोडं त्याला ठाऊक होतं.

त्याची घडण मात्र मजेशीर. स्टॅनफर्डला तत्त्वज्ञान, मग तिथेच कायदा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींचा क्लार्क व्हायचं होतं, तिथे ती मानाची जागा. मुलाखती झाल्या, जागा हुकली. ज्या शर्यतीत सगळे हुशार पोरगे धावतात तिच्यात तोही जीव तोडून धावला होता. स्टॅनफर्डमधलेच प्राध्यापक रने जिरार म्हणत, माणूस हवं-नको दुसऱ्याचं बघून ठरवतो. थीलला हा विचार इतका का भिडला असेल, ते या हुकलेल्या जागेवरून कळतं. पुढे कॉलेज सोडणाऱ्या पोरांना 1 लाख डॉलर द्यायची योजना त्यानेच काढली. (स्वतःच्या दोन पदव्या खिशात ठेवून, हेही लक्षात घे.)

मला भीती वाटते ती त्याच्या डूख धरण्याची. 2007 मध्ये गॉकर या गावगप्पांच्या वेबसाइटने तो समलैंगिक असल्याचं छापलं. ते वाईटच होतं. पण त्याने गॉकरवरच्या दुसऱ्याच्याच खटल्याला गुपचूप पैसे पुरवले, 2016 मध्ये 14 कोटी डॉलरचा निकाल लागला आणि गॉकर दिवाळखोरीत गेलं. नऊ वर्षं! हाच थंडपणा गुंतवणुकीत आला की आपण त्याला संयम म्हणतो.

आणि तोही चुकतोच. क्लॅरियम हा त्याचा हेज फंड, म्हणजे बड्या लोकांचे पैसे जोखमीने गुंतवणारा फंड, 2008 नंतर आटत गेला. फेसबुकचा शेअर 2012 च्या ऑगस्टमध्ये बाजारात पहिल्यांदा विकला गेला त्या भावाच्या जवळपास निम्म्यावर आला, सगळे घाबरले होते, आणि तेव्हाच याने आपले बहुतेक शेअर विकले. त्या दिवशी उलटी पावलं कुठे गेली होती?

तर तू पाठवलेल्या त्या तीन कंपन्या. प्रत्येकीपुढे एकेक ओळ लिही : इतरांना माहीत नाही असं तुला नेमकं काय माहीत आहे? ‘सगळे हसतात’ हे उत्तर चालणार नाही. पहिलीबद्दल तू लिहू शकशील, तिथे सहा वर्षं काढली आहेस. दुसरीचं नाव तू माझ्याकडूनच ऐकलंस, आणि मी ते कुठे ऐकलं ते मला आठवत नाही.

रविवारी फोन करतो. तोवर काही विकत घेऊ नकोस.

तुझा,
अविनाश