जबड्याचे दुखणे आणि रुग्णाचा स्वभाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जबड्याच्या सांध्याचे दुखणे घेऊन आलेल्या रुग्णाला, त्यातही बाईमाणसाला, ‘तुमचा स्वभावच काळजीचा, म्हणून हे होते’ असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आपल्या मराठवाड्यात फार रुळली आहे. घरातली वडीलधारी माणसे हे म्हणतात तेव्हा त्यामागे निदान माया तरी असते; आमच्या दंतवैद्यकीय व्यवसायातील कोणी तेच म्हणून रुग्णाला वाटेला लावतो, तेव्हा मात्र मला मनापासून वाईट वाटते. स्वभाव आणि जबड्याचे दुखणे यांचा संबंध आहे, हे मी नाकारत नाही. परंतु तो किती आहे आणि कोणत्या दिशेने जातो हे समजून न घेता तो रुग्णाच्या माथी मारला, की उपचार तिथेच थांबतो. या विषयावर वाचकांपर्यंत नेमकी माहिती पोहोचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडले की बोटाखाली जे हलते, तो हा सांधा. तो जागच्या जागी फिरतो आणि पुढे घसरतोही. मध्ये एक चिवट चकती असते आणि डाव्या-उजव्या सांध्यांना एकमेकांशी मेळ ठेवूनच हलावे लागते. तो बिघडला की भाकरी चावताना कानशिलाशी कळ येते, सकाळी जबडा आखडलेला असतो, जांभई देताना कट्ट असा आवाज होतो, डोकेही दुखते. (नुसता आवाज येतो, दुखत मात्र नाही आणि तोंडही नीट उघडते, अशा माणसाला सहसा कोणत्याही उपचाराची गरज नसते, हे येथेच सांगून ठेवतो.) दुखणे कानाजवळ असल्यामुळे रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातो, तेथून डोक्याच्या तपासण्यांकडे वळतो, आणि मध्येच कुठे तरी त्याची चांगली दाढही काढली जाते. आमच्याकडे येईपर्यंत तो पैशाने आणि मनाने थकलेला असतो. अशा वेळी त्याला त्याच्या स्वभावाचे प्रमाणपत्र देणे किती योग्य, याचा विचार आपण करायला हवा.

या दुखण्याचे मूळ कशात आहे, याविषयीचे वैद्यकाचे मत गेल्या नऊ दशकांत बरेच बदलले. अमेरिकेतील सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये असे मांडले की मागच्या दाढा पडल्यामुळे जबडा अधिक मिटतो आणि सांध्यावर भार येऊन कानाची व जबड्याची दुखणी सुरू होतात. तेव्हापासून दातांची ठेवण हाच दोषी, असे धरून दात यंत्राने घासून कमी करण्याचा आणि त्यांवर टोप्या (कॅप) बसवण्याचा प्रघात पडला. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी लक्ष स्नायूंकडे वळवले: मनावरच्या ताणामुळे माणूस नकळत दात आवळतो, स्नायू थकतात आणि दुखतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९२ मध्ये संशोधनासाठी जे निकष तयार झाले आणि २०१४ मध्ये सुधारून दवाखान्यातील वापरासाठीही प्रसिद्ध झाले, त्यांनी तपासणीचे दोन अक्ष ठरवले. पहिल्या अक्षावर सांधा व स्नायू तपासायचे. दुसऱ्यावर चिंता, नैराश्य, तोंडाच्या सवयी आणि दुखण्यामुळे रोजच्या कामात येणारा अडथळा यांची प्रश्नावली भरून घ्यायची. या दुसऱ्या अक्षावर व्यक्तिमत्त्वाची चाचणी नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तेथे विचारले जाते ते माणसाच्या सध्याच्या अवस्थेबद्दल. अवस्था बदलता येते, तिच्यावर उपचार करता येतात. स्वभाव म्हटले की रुग्णही हात टेकतो आणि डॉक्टरही.

आता मूळ मुद्दा. मानसशास्त्रात ज्याला न्यूरॉटिसिझम म्हणतात, म्हणजे लवकर काळजी वाटणे, लवकर खचणे, मनाला लागलेली गोष्ट लवकर न सुटणे, त्या गुणाचे प्रमाण जबडा दुखणाऱ्यांत अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. माणूस बोलका की अबोल, याचा असा ठाम संबंध दिसत नाही. पण यांतील बहुतेक अभ्यास आधीच दुखणे जडलेल्या लोकांवर झालेले आहेत. महिनोन्महिने घास चावता न येणारा, रात्री झोप न लागणारा माणूस प्रश्नावलीत ‘मला काळजी वाटते’ या ओळीपुढे खूण करणारच. ती खूण दुखण्याचे कारण सांगते की परिणाम, हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ऑपेरा’ या अभ्यासाला मी मोठे महत्त्व देतो. त्यात हे दुखणे नसलेल्या १८ ते ४४ वयाच्या सुमारे २,७०० जणांची आधी तपासणी झाली आणि मग काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. दर वर्षी शंभरांतील साधारण चौघांना हे दुखणे नव्याने सुरू झाले. मानसिक बाजूने पाहता सर्वांत ठळक पूर्वसूचना होती ती अंगात कुठे ना कुठे सतत काही तरी होत असल्याची तक्रार. तिच्याखालोखाल जाणवणारा ताण आणि मनाची खिन्नता यांचा वाटा दिसला. झोपेची प्रत बिघडणे हेही दुखण्याच्या आधीच घडते, असे याच अभ्यासातून पुढे आले. म्हणजे मनाचा वाटा खरा, पण तो अनेक वाट्यांतील एक.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी. दुखणे नव्याने सुरू होण्याच्या प्रमाणात स्त्री आणि पुरुष यांच्यात फारसे अंतर आढळले नाही. दवाखान्यात मात्र स्त्रिया कितीतरी अधिक दिसतात. तेव्हा बायकांचा स्वभावच असा, हे स्पष्टीकरण फार तोकडे आहे. त्यांचे दुखणे लवकर का सरत नाही, हा प्रश्न विचारायला हवा. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या, झोप अपुरी असणाऱ्या आणि स्वतःच्या दुखण्यासाठी पैसे मागायला संकोचणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याआधी तिच्या दिनक्रमात शोधावे, असे माझे मत आहे.

मन सांध्यापर्यंत पोहोचते तरी कसे? एक वाट सरळ आहे. जेवण आणि गिळणे सोडले तर दिवसभर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकण्याचे कारण नसते; ओठ मिटलेले, दात किंचित विलग आणि जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. ताणाखालचा माणूस नकळत दात आवळून बसतो. लातुरात नीटची तयारी करणारी मुले तासन्‌तास पुस्तकावर मान घालून बसतात, शिलाई मशीनवर वाकलेल्या बाया बसतात. त्यांना ‘आत्ता दात टेकलेले आहेत का?’ असे विचारले की पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते. चिंतेचा संबंध जागेपणीच्या या आवळण्याशी जेवढा स्पष्ट आहे, तेवढा झोपेत दात खाण्याशी नाही. दुसरी वाट मज्जासंस्थेची: सतत ताण आणि अपुरी झोप यांमुळे वेदना टिपणारी यंत्रणाच अधिक संवेदनशील होते आणि एरवी सहन झाला असता तो भारही दुखू लागतो. हे दुखणे खरे असते. त्याला मनाचे खेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

स्वभावाकडे बोट दाखवण्याच्या घाईत आपल्या भागात एक धोकाही दडलेला आहे. तोंड उघडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणांत गुटखा आणि सुपारी खाणारे मोठ्या संख्येने असतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी पुड्या कुठे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, त्यातून कर्करोग होऊ शकतो आणि त्याचा स्वभावाशी काडीचाही संबंध नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावत नसतील, तर कारण काहीही असो, तपासून घ्यावे. अशा मुलाला ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगून घरी पाठवणे म्हणजे त्याचा मोलाचा वेळ घालवणे होय.

दुसऱ्या टोकाची चूकही तेवढीच महाग पडते. २०२३ च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट जबडादुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत विचार व वर्तन यांवर काम करणारे समुपदेशन, देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, स्नायूंवरील हाताचे उपचार आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची जोरदार शिफारस आहे, उलट दातांची ठेवण कायमची बदलणारे साधन बसवणे आणि सांध्यातील चकती काढून टाकणे यांच्या विरोधात तितकीच ठाम शिफारस आहे. दात घासून किंवा टोप्या बसवून जबडा बरा करून देतो असे कोणी म्हणाले, तर वाचकांनी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. घासलेला दात परत येत नाही.

माझी मागणी साधी आहे. मराठवाड्यातील शासकीय आणि खासगी दंत महाविद्यालयांत, तसेच जिल्हा रुग्णालयांच्या दंत विभागांत, जबडादुखीच्या प्रत्येक रुग्णाकडून झोप, चिंता, खिन्नता आणि दात आवळण्याची सवय यांविषयीची एक पानी प्रश्नावली सोप्या मराठीत भरून घ्यावी, आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवावी. गरज दिसली तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे चिठ्ठी द्यावी. छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आणि घाटी रुग्णालय जवळजवळ असल्याने दंतवैद्यक, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र बसून असे रुग्ण पाहणे तेथे सहज जमू शकेल. गावाकडच्या रुग्णांना टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हेही चिठ्ठीवर लिहून द्यावे. मात्र ही चिठ्ठी देताना सांध्याची तपासणी आणि व्यायाम आमच्याकडेच चालू राहतील, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. नाही तर आपल्याला वेड्यात काढले, असे समजून तो दोन्हीकडे जाणे बंद करतो.

आपला नम्र,
एक दंतवैद्यक, परभणी