झटका मशीनमधले आठ मिलीमीटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुंपणात थेट लाइन सोडल्याने माणूस किंवा वाघ दगावल्याच्या बातम्या विदर्भाला नव्या नाहीत. त्यापेक्षा झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटके सोडणारी पेटी घ्या, असं शेतकऱ्याला सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. धड बनवलेलं मशीन सेकंदाला एकापेक्षा जास्त झटका देत नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३३५-२-७६ या मानकानुसार ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाऊ द्यायची नाही. व्होल्टेज आठ-दहा हजार असलं तरी झटका क्षणाचा असतो, म्हणून रानडुक्कर दचकून पळतं, मरत नाही. मात्र हा सगळा हिशोब आतल्या ज्या बोर्डावर उभा आहे, तो बोर्ड उघडून कोणी बघत नाही. रोह्यांनी (नीलगायींनी) तूर खाल्ली की माणूस घाईत असतो, आणि दुकानात ‘रेंज किती एकराची’ एवढंच विचारलं जातं.

निव्वळ सोलरवर चालणाऱ्या मशीनची आम्हाला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती घरच्या लाइनवरही चार्ज होणाऱ्या मशीनची. त्यात एकाच बोर्डावर एका कडेला २३० व्होल्ट, मध्ये १२ व्होल्टची बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला कुंपणाची तार असते. २३० आणि १२ यांच्यामध्ये तांबं नसलेला मोकळा पट्टा ठेवलेला असतो; तो कुठे फुटला, तर घरची लाइन तारेपर्यंत पोचायला वाट मोकळी होते. मग विकत आणलेलं झटका मशीन आणि आकडा टाकून सोडलेली तार यांत फरक उरत नाही.

हा पट्टा किती रुंद हवा? इथे दोन मापं वेगवेगळी आहेत आणि घोळ तिथेच होतो. एक हवेतून सरळ मोजायचं, त्याला क्लिअरन्स म्हणतात. दुसरं बोर्डाच्या पृष्ठावरून, वळसे धरून मोजायचं, ते क्रीपेज. नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डावर २५० व्होल्टपर्यंत, घरातल्या कोरड्या जागेत, दुहेरी सुरक्षेसाठी ५ मिमी क्रीपेज पुरतं. धूळ आणि ओल जिथे एकत्र येते, तिथे आयईसी ६०६६४-१ तेच माप ८ मिमी मागतं. आमचा आक्षेप इतकाच, की खेड्यात विकायची मशीनं शहरातल्या दिवाणखान्याचं माप धरून बनतात.

मशीन टांगलेलं असतं गुरांच्या कोठ्यात. शेजारी युरिया आणि पोटॅशची पोती, वर कापसाचा तुसडा, आत मुंग्या आणि पालीची घाण. पोटॅश म्हणजे सरळ मीठच. त्याची भुकटी बोर्डावर बसते, कार्तिकात पहाटे धुवारी पडली की ओल धरते, आणि दोन ट्रॅकच्या (तांब्याच्या रेघांच्या) मधून बारीक करंट वाहू लागतो. त्या करंटने ओल वाळते, मध्ये सुकलेली फट पडते, फटीत ठिणगी उडते आणि तेवढ्यापुरता बोर्ड करपतो. करपलेला भाग म्हणजे कार्बन, तो वीज वाहतो. दुसऱ्या पहाटे ठिणगी थोडी पुढे सरकते. अशी काळी रेघ आठ-पंधरा दिवसांत पट्टा ओलांडू शकते, आणि तोवर मशीन बिनतक्रार ‘टक-टक’ करत असतं.

एक जागा भिंगाखाली बघण्यासारखी आहे: ऑप्टोकपलर, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने पट्ट्यापलीकडे इशारा पोचवणारा भाग. त्याच्या पायांच्या दोन ओळींत ७.६२ मिमी अंतर असतं, आणि ‘पावणेआठ आहे की!’ असं म्हणून डिझायनर मोकळा होतो. पण अंतर पायाच्या मध्यापासून मोजायचं नसतं. पाय जिथे सोल्डर होतात ते तांब्याचे २ मिमीचे पॅड धरले की कडेपासून कडेपर्यंत उरतात ५.६ मिमी. त्यात सोल्डरचं टोक बाहेर आलं, खाली फ्लक्स (सोल्डर करताना लावतात ती राळ) चिकटून राहिला, की आणखी घट. उपाय स्वस्त आहे. दोन ओळींच्या मध्ये बोर्ड आरपार कापून २ मिमी रुंदीची खाच ठेवायची, दोन्ही टोकांना पॅडच्या पुढे नेऊन. अशा धुळीच्या जागी दीड मिमीहून अरुंद खाच मानक हिशोबात धरत नाही, म्हणून करवतीच्या एका फेऱ्याची चीर कामाची नाही. किंवा पाय रुंद वाकवलेला, १०.१६ मिमीचा ऑप्टो घ्यावा. पट्ट्याजवळचा स्क्रू बघायला विसरू नये. ३ मिमीच्या स्क्रूखालचा वॉशर ७ मिमीचा असतो, कागदावरचं अंतर तो गिळतो. बोर्डावरचा हिरवा मास्क, म्हणजे रंगाचा थर, इन्सुलेशन नव्हे. वार्निश उपयोगी आहे, पण आधी फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन बोर्ड पूर्ण वाळवल्यावरच. नाहीतर घाण आतच सीलबंद होते.

कुंपणाच्या बाजूचं गणित वेगळं. हवा मिलीमीटरला ३ हजार व्होल्ट सोसते असं पुस्तकात असतं, ते गुळगुळीत पत्र्यांमधलं. सोल्डरच्या टोकाशी ती त्याआधीच हार मानते. आम्ही मिलीमीटरला १ हजार धरतो, म्हणजे १० हजाराला हवेतून किमान १० मिमी, आणि पृष्ठावरून त्याच्या दुप्पट-अडीचपट. तारेवर विजेचा लोळ येतो तो निराळाच. खरं तर हा टप्पा बोर्डावर आणूच नये. ट्रान्सफॉर्मरपासून टर्मिनलपर्यंत जाड सिलिकॉन वायर हवेतून न्यावी.

दुरुस्ती करणाऱ्या मित्रांना दोन गोष्टी. काळी रेघ खरवडून वर वार्निश मारू नका, बोर्ड बदला. आणि दोन बाजूंना जोडणारा निळा वाय कपॅसिटर (सुरक्षेसाठी खास बनवलेला) गेला तर जागी साधा सिरॅमिक लावू नका, तो शॉर्ट झाला की पट्ट्याला अर्थच उरत नाही. पेटी उघडण्याआधी पिन काढा, आतला मोठा कपॅसिटर १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने काही सेकंद रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. ६०० व्होल्टला भरलेला २० मायक्रोफॅरड म्हणजे साडेतीन ज्यूल हातात. नंतर लाइनच्या दोन्ही पिना एकत्र करून कुंपण टर्मिनलशी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. दोन-चार मेगओहम दाखवत असेल तर ते मशीन कुंपणाला परत जोडू नका.

अनुदानावर ही मशीनं घेताना विनिर्देशात एकराच्या आकड्यासोबत दोन ओळी घालाव्यात: लाइन आणि बॅटरी बाजूंत किमान ८ मिमी क्रीपेज, आणि पुरवठादाराने बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मोजपट्टीसह द्यावा.

काही इलेक्ट्रॉनिक्स कारागीर,
जि. यवतमाळ