पंख्यात खोबरेल तेल नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांच्या सदरात ‘छोटा पंखा कुरकुरत असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा’ असा सल्ला वाचला. निदान खान्देशात तरी तो कुणी पाळू नये, म्हणून हे पत्र. साधारण २४ अंशांखाली खोबरेल थिजू लागते आणि हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचा पारा १० च्या खाली उतरतो. पौषात बाटली चुलीजवळ नेल्याशिवाय तेल निघत नाही, ते पंख्याच्या बुशात, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, काय वेगळे वागणार?

मी परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम आहे. १०० वॅट सोडणारा सेट बोलताना १३.८ व्होल्टवर २० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे पावणेतीनशे वॅट. हवेत गेले शंभर, उरलेल्याची उष्णता. ती बाहेर काढायला मागे तळहाताएवढा पंखा. एफटी-८ सारख्या डिजिटल पद्धतीत तर आपल्या १५ सेकंदांच्या पाळीत जवळपास १३ सेकंद सलग, एकसारख्या ताकदीने सोडावे लागते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा ४४ वर असताना हा पंखा अडकला, तर सेट स्वतःहून ताकद कमी करतो. न केली तर शेवटच्या टप्प्यातले महागडे ट्रान्झिस्टर जातात.

पंखा कुरकुरला की आधी तेल नाही, आधी साफसफाई. धरणगावात जिनिंगचा हंगाम लागला की रुईचे तूस खिडक्या बंद असल्या तरी आत येते आणि पात्यांवर, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटींत नमद्यासारखे बसते. त्यावर कोणतेही तेल पडले की लगदा होतो. सप्लाय काढून कोरड्या ब्रशने झाडावे. पंक्चरवाल्याकडची हवा मारायचीच असेल तर पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडली तर ती भन्नाट फिरतात, बेअरिंगला धक्का बसतो आणि मोटर उलटी वीज तयार करते, ती वेगळीच.

आता तेलाचे. पंख्यावरच्या चिठ्ठीवर ‘स्लीव्ह’ छापले असेल, तर आत सच्छिद्र ब्राँझचे बुश असते. तेल त्या छिद्रांतच मुरलेले असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते आटते, मग सुरू होताना चिरचिर आणि पुढे घरघर. मागची चिठ्ठी अलगद सोलावी, खाली रबरी बूच असेल तर काढावे आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब इंजेक्शनच्या सुईने दांड्याच्या टोकाशी सोडावा. पाती हाताने फिरवून तेल मुरू द्यावे. चिठ्ठीखालची जागा स्पिरिटने पुसावी, नाहीतर ती पुन्हा चिकटत नाही आणि तेल फेकले जाते. मी हे तेल आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून आणतो. ‘भाऊ, इतलंसं तेल लिसन काय करशी?’ असे तो दर वेळी विचारतो आणि पैसे घेत नाही.

गंज सोडवणारा स्प्रे मात्र नको. हॅम मंडळींतही ही खोड आहे. फवारला की पंखा लगेच गप्प होतो, म्हणून माणूस फसतो. त्यातला द्रावक बुशात उरलेसुरले तेल धुऊन उडून जातो आणि काही दिवसांत आवाज दुप्पट. ग्रीसही नको, ते घट्ट, बुशाच्या छिद्रांत मुरत नाही.

चिठ्ठीवर ‘बॉल’ असेल तर तेलाचा खटाटोप करूच नये. तिथल्या गोळ्या झाकणाआड असतात, तेल पोचत नाही. तोच आकार, तीच जाडी, १२ व्होल्ट आणि तितकाच करंट पाहून नवा पंखा बसवावा. हवेच्या दिशेचा बाण बऱ्याचदा चौकटीवर कोरलेला असतो, तो जुन्यासारखाच ठेवावा. उलटा बसला की गरम हवा हीटसिंकवरून काढण्याऐवजी बाहेरची धूळ आत ओढली जाते.

व्हॉल्व्हच्या लिनिअर अँप्लिफायरचा, म्हणजे सेटची ताकद वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या यंत्राचा, पंखा तेवढा नवशिक्याने उघडू नये. आत दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले राहू शकतात. तुमच्या सदरात दुरुस्ती छापाल तेव्हा ही ओळ जरूर घ्यावी.

आपला,
एक हॅम रेडिओचालक,
धरणगाव, जि. जळगाव