राजवाड्यातली खोली झाकू नका

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन एका जुन्या राजवाड्यातलं म्युझियम बघायला गेलो होतो, नुकतंच नवं केलंय म्हणून उत्साहाने गेलो आणि आत शिरल्यावर वाटलं मॉलमध्येच आलोय. खिडक्यांवर काळं प्लायवूड ठोकलेलं, छताचं रंगकाम एसीच्या डक्टमागे गेलेलं, दोन टीव्हींचे आवाज एकमेकांत मिसळतायत. धाकटी विचारते, बाबा, राजा बसायचा कुठे? मला काही सांगता येईना.

नव्या डिझाइनला माझा विरोध नाहीये हो. जुन्या पैठण्या, लघुचित्रं उजेडाने विटतात, त्यांना 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे अगदी मंद प्रकाश लागतो हे मान्य. पण मग ती आतल्या एखाद्या लहान खोलीत ठेवा ना, त्यासाठी अख्खा दरबार काळोखात कशाला? जोधपूरच्या मेहरानगडावर बघा, कानाला ऑडिओ गाइड लावून माणूस फूलमहालात मान वर करून छत बघत उभा राहतो, हत्तीवरचे हौदे आणि पालख्यांना वेगळी दालनं आहेत. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलासात जेवणाच्या टेबलावर रुळांसकट चांदीची आगगाडी आहे, पंगतीत सिगार आणि ब्रँडी फिरवायला केलेली. तीच काचेच्या पेटीत ठेवली असती तर नुसतं खेळणं वाटलं असतं, टेबलावर आहे म्हणून पोरांना लगेच कळतं की ती कशासाठी होती.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे सगळा जीव न्यू पॅलेसमध्ये अडकलेला. मेजर चार्ल्स मँटचं डिझाइन, 1877 ते 1884 मध्ये बांधलेला. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, मागून ऊन आलं की त्या काचा काय दिसतात ते प्रत्यक्षच बघायला पाहिजे. कुठलाही प्रोजेक्टर ते करू शकत नाही.

म्हणून राज्यातल्या ज्या ज्या वाड्यात-राजवाड्यात असं काम निघेल तिथल्या लोकांना कळकळीची विनंती, शोकेस जमिनीवर उभ्या राहणाऱ्या करा, जुन्या भिंतीत एक खिळा नको, उद्या काढायचं ठरलं तर मागे डाग राहता कामा नये. पाट्या मराठीत, मोठ्या अक्षरात आणि आठ वर्षांच्या पोराला वाचता येतील एवढ्या उंचीवर लावा. आणि प्रत्येक दालनात निदान एक खिडकी तरी उघडी ठेवा.

– एक वाचक, कोल्हापूर