काटे नसलेली गाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्तनाच्या कर्करोगावर लेख आला, बरे वाटले. पण ‘कर्करोगाची गाठ काटेरी असते, गोल गुळगुळीत गाठ साधी’ हे त्यातले वाक्य खटकले. जळगावात २२ वर्षे मी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे एक्स-रे, काढले. निदान डॉक्टरांचे, पण पडद्यावर चित्र उमटताना आधी बघायची मीच.

काटेरी गाठ असते, नाही असे नाही. हार्मोनवर वाढणारा कर्करोग पुष्कळदा तसाच दिसतो. कडा ओढल्यासारख्या, सोनोग्राफीत मागे काळी सावली. हर-टू (HER2) नावाचे प्रथिन जास्त असलेल्या प्रकारात बऱ्याचदा मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे कण असतात. लोब्युलरमध्ये, म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या प्रकारात, पेशी एकामागे एक रांगेने शिरतात, कधी गाठच धरत नाही, आणि मॅमोग्राफीत तो सुटूनही जातो.

सगळ्यात फसवा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे दोन हार्मोन आणि हर-टू या तिन्ही तपासण्या नकारात्मक येणारा. तो तरुण बायकांत जास्त. गाठ गोल, कडा बऱ्यापैकी साफ, कण सहसा नाहीत. आणि सोनोग्राफीत मागे सावलीऐवजी उलट उजेड, पाण्याच्या गाठीमागे दिसतो तसा. कर्करोगाच्या नावातच खेकडा असल्याने आपण नांग्या शोधत बसतो!

पारोळ्याकडची एक ३४ वर्षांची बाई आठवते. दुसरीकडच्या रिपोर्टात ‘फायब्रोॲडेनोमा (कर्करोग नसलेली साधी गाठ) वाटतो, सहा महिन्यांनी दाखवा’ असे होते. कापूस वेचणीच्या दिवसांत गाठ वाढत गेली, तरी घरच्यांनी सहा महिने मोजले. सासूबाई मला म्हणाल्या, “गोल शे, दुखस नही, मंग कसाना कॅन्सर?” रिपोर्ट त्यांनी पिशवीतल्या भाकरीच्या फडक्याखालून काढला. बायोप्सीत ट्रिपल निगेटिव्ह निघाला.

रिपोर्टावर संशय किती हे सांगणारा बाय-रॅड्स नावाचा आकडा असतो. बाय-रॅड्स ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही. म्हणून सहा महिने थांबतात, ते चूक नाही. पण तेवढ्यात गाठ वाढली तर तारखेची वाट बघायची नसते, हे त्या बाईला कोणी सांगितलेच नव्हते. ४ किंवा ५ असेल तर सुईने तुकडा काढावाच लागतो. प्रकार कोणता, हे शेवटी त्या तुकड्यावरच ठरते; चित्रावरून अंदाज बांधता येतो, एवढेच.

आणखी एक. चोपडा-यावलहून बायका दोन बस बदलून येतात आणि जुन्या फिल्म घरी पेटीत ठेवून येतात. मग गाठ वाढली की तेवढीच आहे, हे ताडून बघायचे कशाशी?

पुढच्या पुरवणीत त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मॅमोग्राफी टेक्निशियन, जळगाव