वस्तरा कराकरा वाजत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत सुधारणेच्या काळावरील ऐतिहासिक कादंबऱ्यांचा गौरव करणारा लेख वाचला. लेखकाचा व्यासंग दांडगा, भाषाही गोड. केशवपनाच्या, म्हणजे विधवेचे डोके भादरण्याच्या, प्रसंगाचा जो उतारा तुम्ही चौकट करून छापला, तिथे मात्र माझा चहा निवला. त्यात वस्तरा कराकरा वाजतो आणि न्हावी दात काढून हसतो.

वस्तरा डोक्यावर कराकरा वाजत नाही, साहेब. आधी पाणी लावून केस मुरवतात, धार लावून घेतात. जाणत्या हातात आवाज होत नाही, आणि झालाच तर कारागिराची लाज जाते. मी जन्माने त्याच घरातला, म्हणून एवढे ठामपणे लिहितो.

आमचे आजोबा तरुणपणी एका वाड्यावर सोवळ्या बाईंच्या डोईसाठी जात. मागच्या दाराने. बाई परसात पाटावर पाठमोऱ्या बसत. बोलणे नाही. काम झाले की त्या आंघोळीला, आणि आजोबा केस गोळा करून, धोकटी उचलून पुन्हा मागच्याच दाराने बाहेर. मोबदला सुगीला, खळ्यावर, धान्याच्या रूपाने. एकदा बाईंनी मान न वळवता विचारले, "तुला लेक आहे का रे?" आजोबा म्हणाले, "हाय जी." एवढेच. आजोबा गोष्ट इथेच थांबवायचे. हसायचे नाहीत.

केशवपन ठरवणारे सासरे, दीर, शास्त्री हे सगळे ओसरीवर. कादंबरीत त्यांना मन असते, द्विधा असते, रात्र रात्र झोप नसते. पाप मात्र ज्याच्या हातात वस्तरा त्याच्या पदरात. त्याला नावही मिळत नाही. सुधारक पुढच्या दाराने येतो, चार पानांचे भाषण करतो, आणि बाई सुटते!

१८९० साली मुंबईत न्हावी मंडळींनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांची संघटना १८८४ मध्ये उभी करणारे तेच लोखंडे. ज्या कामाचे पैसे मिळत होते ते लोकांनी आपणहून सोडले. यापेक्षा नाट्यमय प्रसंग कोणत्या कादंबरीकाराला हवा आहे? आणि तुमच्या विद्वान लेखकाने गौरवलेल्या कादंबऱ्यांत तो किती पाने व्यापतो? मी वाचलेल्या एकीत एक ओळ आहे. तीही नायकाच्या तोंडी, जेवता जेवता.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानानंतर मी एका कादंबरीकारांना हेच विचारले होते. ते नम्रपणे म्हणाले की वाचकाला खलनायक समोर दिसावा लागतो. मी खाली बसलो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी भर मंगलाष्टकांत शिंकलो.

मुक्ता साळवेचीही तीच गत. मांग समाजातली ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. त्यात ती थेट देवालाच जाब विचारते. कादंबरीत मात्र ती पाटीवर अक्षर गिरवते आणि कोणीतरी मोठे माणूस कौतुकाने तिच्याकडे पाहते. ती बोलत नाही. मुळात जी बोलली, तिलाच मुकी केली आहे.

नव्या कादंबरीत न्हाव्याला देव करा असे मी म्हणत नाही. आजोबांनी ते काम केले, आणि पुष्कळ वर्षे केले, हे मी लपवीत नाही. पण त्याला दारातून आत आणताना तो कोणत्या दाराने आला एवढे तरी लिहा. आणि तो हसवायचाच असेल तर कशाला हसला तेही लिहा.

कळावे,
एक जुना वर्गणीदार

ता. क. मागच्या महिन्यातील माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण जागेअभावी कापलात. शेजारी मात्र पाव पान साड्यांची जाहिरात होती. कात्री आमच्याही धंद्यात आहे, महोदय. पण आम्ही चालवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो.