स्की शिकायची तर डिसेंबर नको, फेब्रुवारीत जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत हिवाळी सहलींची माहिती वाचली. काश्मिरातलं गुलमर्ग, उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलंग ही तीन नावं एकाच चौकटीत होती आणि तिन्हींखाली ‘स्कीइंगचा आनंद घ्या’ एवढीच ओळ. तीन जागांचा उतार वेगळा, उंची वेगळी, शिकवणारेही वेगळे. ते न कळल्यामुळे आमच्या घराला एक सहल वाया घालवावी लागली. दुसऱ्या कुणाची जाऊ नये म्हणून लिहिते.

मी 31 वर्षं शाळेत खेळ शिकवले. मुलींची कबड्डी, खो-खो, दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड. नातू सातवीत असताना त्याने स्कीइंगचा हट्ट धरला, म्हणून नाताळच्या सुट्टीत एका सहल कंपनीबरोबर आम्ही सहाजण मनालीला गेलो. सोलंगला पोहोचलो तर उतारावर पिवळं गवत आणि सावलीच्या कडेला पायपुसण्याएवढे बर्फाचे तुकडे. तिथे एकाने नातवाच्या पायात ढगळ बूट चढवले, स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, अडकवल्या, दोन्ही हात धरून वीस-पंचवीस पावलं खाली ओढत नेलं, फोटो काढला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. “आजी, झालं स्कीइंग?” असं पोरानं विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

दोष सोलंगचा नव्हता. आम्ही महिना चुकीचा निवडला होता. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. डिसेंबरात ते आले तर आले. काश्मिरात थंडीचे सर्वांत कडक चाळीस दिवस, ‘चिल्लई कलान’, 21 डिसेंबरला तर सुरू होतात. म्हणजे आपली नाताळची सुट्टी संपत येते तेव्हा तिथला खरा हिवाळा नुकता लागलेला असतो. आता तर जानेवारीचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं पडल्याचे फोटो आपल्याच अंकात आले होते. 2025 मध्ये बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी फोन करून उतारावर किती बर्फ आहे ते विचारलंच पाहिजे, आणि तेही सहल कंपनीला न विचारता तिथल्या प्रशिक्षकाला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी नातवाला घेऊन औलीला गेले, सात दिवसांच्या प्रशिक्षणाला. उतार साधारण 2,500 ते 3,050 मीटर उंचीवर. कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे पहिला दिवस नुसता विश्रांतीचा ठेवला आणि तो ठेवायलाच हवा. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी 2023 पासून, जमीन खचल्यामुळे, बंद होता. आम्ही जीपने गेलो. रोपवेच्या फोटोंवर भुलून बेत करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी पोरांना खाली सोडलंच नाही. बूट घट्ट आवळून चालायचं, स्की आडव्या धरून पायरी पायरीने चढायचं, कुशीवर पडायचं, उठायचं. दिवसभर तेच. आमचा नातू पेठेतल्या तालमीत जातो, त्याला हे लगेच पटलं. तिथेही वस्ताद आधी पडायला शिकवतात. तिसऱ्या दिवशी स्नो प्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायची, की वेग तुटतो. सहाव्या दिवशी तो एकटा उतरला, वळला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. थांबला, हे महत्त्वाचं. ज्याला थांबता येत नाही त्याला स्की येत नाही.

म्हणून मला वाटतं, नवशिक्याने जागा निवडताना नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: लांबलचक सौम्य उतार आहे का, शिकवणारी संस्था आहे का आणि पायाच्या मापाचे बूट मिळतात का. गुलमर्गची कीर्ती खरी आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. पण तिथून खाली उतरणं हे मुरलेल्या माणसाचं काम. त्या डोंगरावर हिमस्खलनात 2023 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये परदेशातून आलेले कसलेले स्कीपटू गेले आहेत. शिकणाऱ्याने गुलमर्गच्या खालच्या मैदानालगतच्या उतारावरच राहावं. तिथे पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगम वर्ग घेतं. ज्यांना नुसतं बर्फात खेळायचं आहे त्यांनी खुशाल मनालीजवळच्या अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जावं. त्यात कमीपणा काही नाही, पण ते स्कीइंग म्हणून विकू नये.

आता शाळांना विनंती. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या मुलांना हलता येत नाही, हे मी जाणते. पण आठवी-नववीच्या मुलाने दहा दिवसांची रजा मागितली तर ‘सहलीला निघाला’ म्हणून ती नाकारू नये. माझ्या नातवाची रजा मिळवायला मला तीनदा मुख्याध्यापकांसमोर बसावं लागलं, आणि मी स्वतः शिक्षिका होते.

आणि आपल्याला विनंती अशी: रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. फेब्रुवारीसाठी कोल्हापूर-निजामुद्दीन गाडीची तिकिटं डिसेंबरातच काढावी लागतात. हिवाळी सहलींची ही पुरवणी आपण जानेवारीत काढता, तोवर गाडी भरलेली असते. यंदा ती नोव्हेंबरात काढा, आणि प्रत्येक जागेपुढे उंची, नवशिक्यांचा उतार आणि प्रशिक्षण वर्गांच्या तारखा छापा. आमच्या गल्लीतल्या दोन मुली या वर्षी जायचं म्हणताहेत. त्यांच्या आईवडिलांना दाखवायला मला ते कात्रण हवं आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर